थंडीतील पाणी व नव्या पिलांचा कळपांत प्रवेश

गेल्या पौष महिन्यांत आमच्या अंगणांत जें घडलें त्यावरून हा पाठ लिहावयाचें मनांत आलें. वनराजा जातीच्या एकवीस तलंगा आम्हीं सात आठवडे एका लहान खोलींत वाढविल्या होत्या. त्या टणक झाल्या, खोलीस वास येऊं लागला, घरचीं माणसें कंटाळलीं; तेव्हां एके सकाळीं दार उघडून आम्हीं त्यांस थोरल्या नऊ कोंबड्यांत सोडून दिलें. पहिल्या दिवशीं थोडी टोचाटोची झाली, ती आम्हीं हंसत पाहिली. तिसऱ्या दिवशीं दोन तलंगा खुराड्याच्या मागें मेलेल्या सांपडल्या. पांचव्या दिवसापर्यंत आणखी तीन गेल्या. अंगावर जखम नाहीं, विष्ठेंत रक्त नाहीं, मान वांकडी झालेली नाहीं. रानीखेत शिरली असें समजून आम्ही घाबरलों व पशुवैद्यकीय दवाखान्यांतील डॉक्टरांस बोलावून आणिलें.

डॉक्टरांनीं मेलेली तलंग हातांत घेतली, गळ्याखालची दाण्याची पिशवी दोन बोटांनीं चाचपली, आणि मग आमचा हात धरून तीच पिशवी आम्हांस चाचपावयास लाविली. ती खड्यांनीं भरल्यासारखी कठीण लागली. "दाणा आहे, पाणी नाहीं," ते म्हणाले. "तुमचें पाण्याचें भांडें कोठें आहे?" भांडें एकच होतें, सिमेंटचें, भिंतीच्या कोपऱ्यांत, आणि त्याच्या कांठावर आमची थोरली तांबडी कोंबडी पहारेकऱ्यासारखी उभी होती.

थंडींत पाण्याची व्यवस्था कशी लावावी, आणि वाढलेलीं पिलें कळपांत कशीं मिसळावीं, हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे समजतों. त्या दिवसापासून आम्ही ते एकच प्रश्न समजूं लागलों आहों. नवीं पिलें चोचीच्या घावांनीं मरतात असा सर्वांचा समज आहे. घाव दिसतो, म्हणून आपण त्यास भितों. तहान दिसत नाहीं. थंडीच्या दिवसांत तर ती मुळींच दिसत नाहीं, कारण उन्हाळ्याप्रमाणें कोंबडी चोंच उघडून धापा टाकीत नाहीं. कोपऱ्यांत अंग फुगवून उभी राहते, आणि आपण म्हणतों, तिला थंडी वाजत असेल.

कागल व हातकणंगले या तालुक्यांच्या सीमेवर जी मोठी औद्योगिक वसाहत आहे, तिला सरकारी कागदांत 'पंचतारांकित' म्हणतात. ते पांच तारे कारखान्यांच्या वांट्यास आले असतील. भोंवतालच्या तळंदगे, पट्टणकोडोली, कसबा सांगाव अशा गांवांत कोंबडी अजून ओट्याच्या आडोशास किंवा उंसाच्या पाचटांत निजते, आणि तिची मालकीण सूतगिरणींत नाहीं तर ओतकामाच्या कारखान्यांत सकाळच्या पाळीस जाते. ही बाई पहांटे भांडें भरून जाते ती तिसऱ्या प्रहरीं परत येते. मधल्या आठ-नऊ तासांत भांडें कलंडलें, घाण झालें, किंवा एका दांडग्या कोंबडीनें अडविलें, तर तें पाहणारें घरीं कोणी नसतें. ज्या घरीं अंड्यांचा पैसा बाईच्या हातीं राहतो व त्यांतून मुलाची वही येते, त्या घरास पांच तलंगा जाणें ही लहान हानि नव्हे. म्हणून जी व्यवस्था आम्ही सांगणार आहों ती पाळीच्या तासांचा विचार करून सांगतों. दिवसभर अंगणांत उभें राहणाऱ्या माणसासाठीं ती नाहीं.

आपल्या आजीच्या काळीं हा प्रश्नच नव्हता, आणि तो कां नव्हता हें समजून घेणें उपयोगाचें आहे. गांवठी कोंबडी खुडूक होई, रवणीस बसे, एकवीस दिवसांनीं पिलें काढी, आणि तींच पिलें घेऊन कळपांत हिंडे. पिलांकडे कोणी डोळा वर करून पाहिलें तर ती पंख पसरून अंगावर धांवून जाई. पिलांचा कळपांत प्रवेश आईच्या पंखाखालींच होऊन जाई. पुढें अधिक अंडीं देणाऱ्या जाती आल्या. या कामांत मिशनांचाही हात होता: संयुक्त प्रांतांतील एटा येथें रेव्हरंड स्लेटर यांनीं, तामिळ मुलखांत काटपाडी येथें आर्काट मिशननें, आणि त्रावणकोरांतील मार्तंडम येथें वाय.एम.सी.ए.च्या ग्रामसुधार केंद्रानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुधारलेल्या कोंबड्या खेडोपाडीं पोंचविण्याचा उद्योग केला. पांढरी लेगहॉर्न पुष्कळ अंडीं देते, परंतु ती बहुधा खुडूक होत नाहीं. खुडूक न होणें हाच तिचा गुण म्हणून निवडीनें वाढविला गेला आहे. आज आपल्याकडे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा व बंगळूरच्या कृषि विद्यापीठाची गिरिराजा या जाती लोकप्रिय आहेत. कोल्हापुरांतील सरकारी अंडी उबवणी केंद्रांतून असो किंवा खाजगी विक्रेत्याकडून असो, एक दिवसाचीं जीं पिलें येतात तीं यंत्रांतून निघालेलीं, आईवांचून आलेलीं असतात. आईचें काम मग घरच्या माणसांस करावें लागतें. ऊब देण्याचें काम पुष्कळजण मन लावून करितात. ओळख करून देण्याचें काम मात्र विसरतात.

आतां प्रथम थंडीच्या पाण्याकडे वळूं.

काश्मीर व हिमाचलाच्या उंच खोऱ्यांत हिंवाळ्यांत भांड्यांतील पाणी गोठतें. तेथील लोकांस दिवसांतून अनेक वेळां ऊन पाणी ओतावें लागतें, किंवा भांड्याखालीं उष्णतेची सोय करावी लागते. आपल्याकडे पाणी गोठत नाहीं, आणि म्हणूनच आपण निष्काळजी राहतों. डिसेंबर-जानेवारींत कोल्हापुराकडे पहांटेचें उष्णतामान १४-१५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतें, उघड्या माळावर त्याहूनही खालीं जातें, आणि दुपारीं तेंच २८-३० अंशांपर्यंत चढतें. रात्रभर छपरावरच्या टाकींत किंवा पत्र्याच्या पिंपांत राहिलेलें पाणी सकाळीं हाताला झोंबतें. कोंबडी तें पिते, पण एक-दोन घोट घेऊन बाजूस होते. पिलूं तर चोंच बुडवून मागें सरतें. पाणी कमी प्यालें कीं खाणें कमी होतें, कारण कोरडा दाणा पाण्यावांचून पिशवींतून पुढें सरकत नाहीं. खाणें कमी झालें कीं थंडीशीं झगडण्यापुरती ऊब अंगांत उत्पन्न होत नाहीं. कवच सोडून अंड्याच्या वजनाचा सुमारें तीनचतुर्थांश भाग पाणीच असतो. तेव्हां एक दिवस पाणी तुटलें तर त्याचा परिणाम अंड्यांच्या टोपलींत पुढें अनेक दिवस दिसतो. (थंडींत अंडीं घटण्याचें दुसरें कारण दिवस लहान होणें हें आहे. तें पाण्यानें भरून निघत नाहीं, आणि त्याचा दोष नव्या पिलांच्या पायगुणास देणें हें तर निव्वळ अज्ञान आहे.)

यावर उपाय शेतकऱ्याच्या हातचाच आहे. हिंवाळ्याच्या पहांटे विहिरीचें पाणी कोमट लागतें व त्यावर वाफ दिसते, हें कोणास ठाऊक नाहीं? जमिनीच्या पोटांतील पाण्याचें उष्णतामान वर्षभर फारसें बदलत नाहीं, म्हणून तें उन्हाळ्यांत गार व थंडींत ऊन भासतें. तेव्हां कोंबड्यांचीं भांडीं रात्रीं भरून ठेवूं नयेत. सायंकाळीं तीं रितीं करून, घासून पालथीं घालावीं, आणि सकाळीं विहिरीचें किंवा बोअरचें ताजें उपसलेलें पाणी भरावें. जेथें नळाचेंच पाणी आहे तेथें रात्रीं एक कळशी घरांत चुलीजवळ झांकून ठेवावी व सकाळीं तीच वापरावी. पाणी तापविण्याची गरज नाहीं. त्याचा गारठा गेला म्हणजे पुरे. दहा थोरल्या कोंबड्यांस या ऋतूंत दिवसास सुमारें अडीच लिटर पाणी लागतें. स्थूल हिशेब असा कीं, जेवढें खाद्य त्याच्या वजनाच्या दुप्पट पाणी.

भांडें कोणतें असावें? बाजारांत प्लॅस्टिकचीं पालथीं भांडीं मिळतात, तीं चांगलीं आहेत. पण घरींही करितां येतें. रुंद तोंडाचें एक लहान मडकें घ्यावें आणि त्याच्या कांठापासून एका पेराच्या अंतरावर एकच भोंक पाडावें. मडकें पाण्यानें भरून त्यावर मातीची ताटली पालथी घालावी आणि दोन्ही घट्ट धरून एकदम उलटावीं. पाणी भोंकांतून ताटलींत उतरतें, आणि ताटलींतील पाण्यानें भोंक झांकलें कीं आंत हवा शिरण्याची वाट बंद होऊन पाणी आपोआप थांबतें. पिलूं पाणी पितें, पातळी खालीं जाते, हवेचा बुडबुडा आंत जातो व तेवढेंच पाणी पुन्हां उतरतें. यांत दोन चुका होतात. ताटलीचा कांठ भोंकापेक्षां उंच नसला तर सगळें पाणी सांडून जातें. आणि मडक्याच्या बुडास बारीकशी चीर असली तरी तसेंच होतें. म्हणून तें भांडें प्रथम ओट्यावर ठेवून तासभर पाहावें, मग पिलांपुढें न्यावें. पाळीस जाणाऱ्या बाईस याचा विशेष उपयोग आहे, कारण उघड्या थाळींतील पाणी दहा वाजेपर्यंत पायांनीं घाण होतें, आणि या भांड्यांतील बहुतेक पाणी तिसऱ्या प्रहरापर्यंत स्वच्छ राहतें.

भांड्याचा कांठ पिलाच्या पाठीइतका उंच असावा. पिलूं वाढेल तसतशी खालीं वीट सरकवावी. अगदीं लहान पिलांच्या ताटलींत पहिले तीन-चार दिवस धुतलेले खडे घालावे, म्हणजे पिलूं पाण्यांत पडून भिजणार नाहीं. थंडींत भिजलेलें पिलूं बहुधा वांचत नाहीं. पिलें आणल्यावर पहिल्या कांहीं तासांपुरतें गुळाचें कोमट पाणी द्यावें. आपल्या मुलखांत गुळास तोटा नाहीं, परंतु तेंच पाणी दिवसानुदिवस देत राहूं नये. त्यानें हगवण लागते आणि खालचें तूस चिकट होतें.

तुसाची गोष्ट निघाली आहे तर ती पुरी करूं, कारण थंडींत पाण्याचा खरा शत्रु गारठ्याहूनही ओल हा आहे. उन्हाळ्यांत सांडलेलें पाणी तासाभरांत वाळतें. हिंवाळ्यांत पोत्यांचे पडदे सोडलेल्या खोलींत तें वाळत नाहीं. ओलसर उबदार तुसांत रक्ती हगवणीचे जंतु एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगे होतात, आणि तीन ते सहा आठवड्यांचीं पिलें त्यांस विशेष बळी पडतात. म्हणून भांडें तुसावर ठेवूं नये. चार विटांची चौकट करून तींत खडी भरावी, वर तारेची जाळी घालावी आणि त्यावर भांडें ठेवावें. सांडलेलें पाणी खडींत उतरेल व पिलाचा पाय तेथें पोंचणार नाहीं. तूस ओलें आहे कीं नाहीं हें मुठीनें ओळखावें. दाबून मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर ठीक; तसाच राहिला तर ओल अधिक आहे, तेवढें तूस काढून नवें घालावें. आणि खोलींत उभें राहून वास घेऊं नये, उकिडवें बसून कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर घ्यावा. डोळे चुरचुरले तर पडदे खालून तसेच ठेवून वरची वीतभर जागा उघडावी. वाऱ्याचा झोत अंगावर नको, पण कोंडलेली हवा त्याहून वाईट.

औद्योगिक वसाहतीच्या शेजारीं राहणाऱ्यांस दोन गोष्टी निक्षून सांगावयाच्या आहेत. भंगारवाल्याकडे निळीं पिंपें स्वस्त मिळतात. त्यांत पूर्वीं कोणतें रसायन होतें हें विकणाऱ्यासही ठाऊक नसतें. तसलें पिंप कितीही वेळां धुतलें तरी पिण्याच्या पाण्यास, कोंबडीच्या किंवा माणसाच्या, वापरूं नये. तसेंच कारखान्यांतील लांकडी पेट्यांचा भुसा तुसाऐवजीं आणूं नये. त्या लांकडास कीड लागूं नये म्हणून कधीं कधीं औषध लाविलेलें असतें. भाताचें कोरडें तूस सर्वांत उत्तम. शेंगांचीं टरफलें चालतात, पण बुरशी आलेलीं नसावींत, कारण ती बुरशी पिलांच्या फुफ्फुसांत शिरते.

आणखी एक सूचना लसीसंबंधानें. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यांत टीसीएल पावडर असते. तिनें जंतु मरतात, तशीच जिवंत लसही मरते. ज्या दिवशीं पाण्यांतून लस द्यावयाची त्याच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत टीसीएल नसलेलें विहिरीचें पाणी वापरावें, आणि डॉक्टर सांगतील त्या प्रमाणांत त्यांत दुधाची भुकटी मिसळावी. येथेंही पुन्हां तोच प्रश्न उभा राहतो: जी पिलें भांड्यापर्यंत पोंचलींच नाहींत त्यांस लसही मिळाली नाहीं.

ऊब देण्याविषयीं थोडक्यांत. पहिल्या आठवड्यांत पिलांच्या पाठीजवळ सुमारें ३५ अंश ऊब लागते, पुढें दर आठवड्यास सुमारें ३ अंश कमी करावी. आमच्या ओळखीच्या एका घरीं जुना बल्ब गेला म्हणून एलईडी दिवा लाविला. उजेड पूर्वीपेक्षां अधिक पडला, आणि सकाळीं पिलें एकमेकांवर चढून गुदमरून मेलेलीं दिसलीं. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाहीं. कोळशाची शेगडी बंद खोलींत कदापि ठेवूं नये. तिच्या विषारी वायूस वास नसतो, आणि त्या खोलींत झोंपलेलीं माणसेंही त्यानें मेलेलीं आहेत.

आतां पिलांच्या प्रवेशाकडे.

कोंबड्यांच्या कळपांत मानाचा एक क्रम असतो. पहिली सर्वांस टोचते, दुसरी पहिलीस सोडून बाकीच्यांस, आणि शेवटची बिचारी कोणासच नाहीं. नॉर्वे देशांतील थोर्लीफ शेल्डेरूप-एब्बे या गृहस्थांनीं लहानपणापासून कोंबड्या पाहून पाहून हा क्रम ओळखला व १९२१ सालीं आपल्या प्रबंधांत मांडला. आपल्या अंगणांतील बायांस तो प्रबंधावांचूनही ठाऊक होता. पंक्तींत मानाचें ताट कोणाचें हें ज्या घरांत ठरलेलें असतें तेथें निराळें शिकवावें लागत नाहीं. तथापि एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हा क्रम एकदां ठरला कीं कळपांत शांतता असते. नवीन कोणी आलें कीं तो सगळा पुन्हां ठरवावा लागतो, आणि तो ठरतो दाण्याजवळ व पाण्याजवळ. म्हणून जेथें भांडें एक, तेथें रणांगण एक. आणि तें ज्याच्या ताब्यांत, पाणीही त्याच्याच ताब्यांत.

पिलें केव्हां मिसळावीं? आम्हीं सात आठवड्यांचीं मिसळलीं ती आमची पहिली चूक. दहा ते बारा आठवडे तरी होऊं द्यावे, म्हणजे तलंग थोरलीच्या दोनतृतीयांश तरी भरते व पळूं शकते. दुसरें कारण लसीचें. रानीखेतची आर-टू-बी लस साधारण आठव्या आठवड्यांत टोंचतात, आणि तिचा गुण अंगीं येण्यास दोन आठवडे लागतात. थोरल्या कोंबड्या कित्येक रोग अंगांत बाळगून धडधाकट दिसतात. तेच रोग पिलांस मारितात. म्हणून रोजचें काम करितांना आधीं पिलांकडे जावें, मग थोरल्यांकडे. उलट जाऊं नये, आणि दोहोंकडे एकच चप्पल घालूं नये. बाजारांतून मोठी कोंबडी विकत आणिली असेल तर ती निदान तीन आठवडे निराळी ठेवावी. ती स्वस्त कां मिळाली हें तितक्या दिवसांत कळून येतें.

मिसळण्यापूर्वीं दोन आठवडे थोरल्यांच्या आवारांतच तारेच्या जाळीचा एक कोपरा करावा आणि पिलांस दिवसा तेथें ठेवावें. जाळीच्या दोन्ही अंगांस, समोरासमोर, पाण्याचें एकेक भांडें ठेवावें. हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थोरली कोंबडी अलीकडे पिते, तलंग पलीकडे पिते, दोघींच्या मध्यें वीतभर जागा व तार. पहिले दोन दिवस थोरली तारेवर चोंच आपटते. चौथ्या-पांचव्या दिवशीं कंटाळते. एकमेकींस पाण्याजवळ पाहण्याची संवय झाली कीं अर्धें काम झालें.

त्यानंतर जाळीच्या तळाशीं एक भोंक करावें, तलंगेच्या पाठीपेक्षां दोन बोटें उंच व तिच्यापुरतेंच रुंद. तलंगा त्यांतून बाहेर येतील व भय वाटतांच आंत पळतील. थोरली मान घालील, पण तिचें अंग अडेल. आंतलें पाणी व आंतलें खाद्य तसेंच ठेवावें. बाहेर अंगणांत उंसाच्या पाचटाच्या दोन-तीन पेंढ्या आडव्या टाकाव्या, एखादी मोडकी खाट ठेवावी, म्हणजे पळणारीस आडोसा मिळतो. एकट्या तलंगेस कधींही मिसळूं नये. चार-पांच बरोबर असल्या म्हणजे टोचणें वांटलें जातें.

खाद्याची अडचण येथें उपस्थित होते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यांत शेंकडा साडेतीन ते चार भाग कॅल्शियम असतें. वाढत्या तलंगेस एक भाग पुरे, आणि अधिक गेल्यास तिचीं मूत्रपिंडें बिघडतात. दोन कळप एक झाल्यावर कोणी काय खावें हें आपल्या हातीं राहत नाहीं. म्हणून तलंगा अंड्यावर येईपर्यंत सर्वांस वाढीचेंच खाद्य द्यावें, आणि शिंपल्यांचा चुरा निराळ्या डबींत थोरलीच्या छातीइतक्या उंचीवर टांगावा. जिला अंडें घालावयाचें आहे ती तो आपण होऊन खाते.

शेवटीं जाळी काढण्याचा दिवस. तो सुटीचा दिवस निवडावा, पाळीचा नव्हे. आदल्या रात्रीं अंधार पडल्यावर तलंगा उचलून खुराड्यांत थोरल्यांच्या शेजारीं दांडीवर बसवाव्या. कोंबडीस अंधारांत दिसत नाहीं व ती भांडत नाहीं. कित्येकजण म्हणतात कीं सकाळीं उठल्यावर त्यांस नवें-जुनें ओळखूं येत नाहीं. तें खरें नव्हे, ओळखूं येतें. पण रात्र शांततेंत गेलेली असते, एवढा लाभ पुरेसा आहे. पहांटे, खुराडें उघडण्यापूर्वीं, पाण्याचीं निदान तीन भांडीं मांडावीं, आणि तीं अशीं कीं एका भांड्याजवळ उभ्या असलेल्या कोंबडीस दुसरें भांडें दिसूं नये: एक घराच्या कोपऱ्याआड, एक झाडाच्या बुंध्यामागें, एक पेंढीपलीकडे. दोन भांडीं शेजारींशेजारीं ठेविलीं तर तीं एकाच भांड्यासारखीं आहेत. तांबडी दोन्हींवर राज्य करील. आमच्या सिमेंटच्या कुंडीची जागा कोपऱ्यांत होती, हीही आमची चूक होती. कोपऱ्यांतल्या भांड्यास येण्याची वाट एकच असते आणि ती अडवितां येते. भांडें मोकळ्या जागीं असावें, चोहों बाजूंनीं जातां यावें.

जखम झाली तर तें पाखरूं ताबडतोब उचलावें. कोंबड्या तांबड्या रंगावर तुटून पडतात आणि मग थांबत नाहींत. जखम धुऊन दाट हळद भरावी किंवा दवाखान्यांतील जांभळें औषध लावावें, म्हणजे रक्ताचा रंग झांकतो. बरी झाल्यावर तिला एकटी परत न सोडतां दुसऱ्या एखाद्या तलंगेसह सोडावें.

आणि पहिला आठवडाभर रोज सायंकाळीं, खुराड्यांत बसल्यावर, कंदील किंवा मोबाईलचा दिवा घेऊन प्रत्येक तलंगेची दाण्याची पिशवी चाचपावी. भरलेली व मळलेल्या कणकेसारखी मऊ असेल तर तिनें खाल्लें आहे व प्यालेंही आहे. रिकामी असेल तर तिला दाण्याजवळ जाऊं दिलेलें नाहीं. खड्यांसारखी टणक असेल तर दाणा मिळाला, पाणी मिळालें नाहीं. तिला त्याच वेळीं घरांत आणून कोमट पाणी पुढें ठेवावें, आणि दुसऱ्या दिवशीं भांड्यांच्या जागा बदलाव्या. एकवीस तलंगांस हें करण्यास पाव तास लागतो.

या वर्षीं आम्हीं दुसऱ्या अठरा तलंगा याच रीतीनें मिसळल्या. तिसऱ्या सायंकाळीं दोघींच्या पिशव्या टणक लागल्या. अंगणांत पाहिलें तों पेंढीपलीकडचें भांडें शेजारच्या कुत्र्यानें कलंडविलेलें होतें, आणि उरलेल्या दोहोंपैकीं एक तांबडीनें धरलें होतें. चौथें भांडें आणिलें, पेंढीपलीकडच्या भांड्यास विटांचा आधार दिला. अठरांपैकीं अठरा आहेत. जाळी धुऊन, दोन दिवस कडक उन्हांत वाळवून, गुंडाळून माळ्यावर ठेविली आहे. तिच्यांतून आमच्या शेजारणीच्या बारा पिलांची सोय पुढील महिन्यांत करावयाची आहे.